एक्क्यांची वाट

चष्मे विकणाऱ्या या माणसाला स्वतःच्या नाकापुढचं दिसत नाही, हे त्याच्या मेहुणीला ताईच्या लग्नापासून ठाऊक होतं. कोपऱ्यावरचा गाळा मिळत होता तेव्हा साहेब आणखी चांगल्याची वाट बघत बसले आणि शेवटी दुकान जिन्याखाली थाटलं.

क्लबातल्या पोकर स्पर्धेतही तीच रड. पत्ते मेहुणीच वाटत होती. पाच जण उरले होते, न खेळताही भरावी लागणारी सक्तीची पैज वाढत होती आणि भाऊजींची पैजेच्या चकत्यांची चवड दर फेरीला झिजत होती. राजा-राणी आली, तरी यांनी पानं टाकून डाव सोडला. वर म्हणे, "अति घाई संकटात नेई!"

अखेर दोन एक्के आले. भाऊजींनी छाती फुगवून उरलेल्या तीन चकत्या पुढे सरकवल्या. "सगळं!"

समोर खेळणाऱ्या लाँड्रीवालीने जांभई दिली आणि पानं न बघताच तेवढ्या चकत्या फेकल्या. टेबलावरच्या सामाईक पानांशी मिळून तिच्या तीन तिऱ्या जमल्या. एक्के हरले.

"अगं, एक्के होते माझ्याकडे!"

"होते ना," पत्ते गोळा करत मेहुणी म्हणाली. "राजा-राणीच्या वेळी चवडही होती, तेव्हा मोठी पैज लावली असती तर लोक डाव सोडून पळाले असते. तीन चकत्यांना कोण भितं, भाऊजी? उठा, खुर्ची अडवू नका."