मनकर्णाबाईंच्या मासोळ्या आणि जानरावांचा चहा

पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात मनकर्णाबाईंचं गाव. तिथल्या बोअरच्या पाण्यानं चहातलं दूध फाटायचं. म्हणून घरात फिल्टरच्या पाण्याची कॅन यायची, पण ती फक्त पाहुण्यांसाठी. नवऱ्याला, म्हणजे जानरावांना, बोअरच्याच पाण्याचा कोरा चहा.

अकोल्याच्या भाचीनं, प्राजक्तानं, एकदा काचेची टाकी आणि थोडे गप्पी मासे आणून दिले. बाईंनी टाकी कॅनच्या पाण्यानं काठोकाठ भरली.

"मासोळ्यायले फिल्टरचं?" जानराव कळवळले. "अन् मले बोअरचं?"

"लेकरावानी हायेत ते. तुमी का लेकरू आहा?"

पण मासे काही खुलेनात. पर मिटून कोपऱ्यात जागच्या जागी डुलत राहायचे. बाईंनी टीव्हीचा आवाज कमी केला, मिरच्या ओवाळून दृष्ट काढली, तरी तेच.

इकडे जानरावांना युक्ती सुचली. कॅनवर बायकोचा पहारा, टाकीवर कोणाचा? बाई भाजी खुडायला मळ्यात गेल्या, की ते टाकीतलं कपभर पाणी काढून दुधाचा फक्कड चहा करायचे, आणि कळू नये म्हणून कपभर बोअरचं पाणी टाकीत ओतायचे. असे किती चहा झाले देव जाणे.

हळूहळू मासे फुलले. शेपट्या पसरून हुंदडू लागले, मग पिल्लंही झाली. "पाहा, फिल्टरच्या पाण्याचा गुण!" बाई गावभर सांगत सुटल्या.

आणि एका दुपारी जानरावांचा चहा फाटला.

"बाप्पा! टाकीतलंबी खारं झालं!" ते ओरडले. बाई दारातच उभ्या होत्या.

"माय वं! माशायच्या अंघोळीचं पाणी पेले तुमी?"

"उकळून पेलो ना वं!"

बाईंनी तडक प्राजक्ताला फोन लावला. ती आधी पोट धरून हसली, मग म्हणाली, "मावशी, फिल्टरच्या पाण्यात क्षार नसतात न. गप्पीले जड पाणीच मानवते. मावसाजीनं कपाकपानं बदललं म्हणून त्यायले सोसलं. एकदम ओतलं असतं त् मेले असते."

नवऱ्यावर रागवावं की त्याचं कौतुक करावं, बाईंना ठरेना.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला त्यांनी पिशवीत दोन-दोन गप्पी घालून वाण म्हणून लुटले. बाया कुंकू सावरत, पिशव्या उजेडात धरून नर कोणता, मादी कोणती यावर भांडत घरी गेल्या.