पुलाआधी सगळे खाली

पूर्व काँगोत शांतिसेनेच्या पोस्टिंगवर मी हवालदार होतो, एका सेक्शनचा कमांडर. आता ऑस्ट्रेलियात, टूवूंबात राहतो. बायको इथल्या हॉस्पिटलात नर्स, मुलगी सायली युनिव्हर्सिटीत. पुढच्या महिन्यात ती तीन मैत्रिणींबरोबर नामिबिया ते टांझानिया गाडीने जाणार आहे. आफ्रिकेचे रस्ते घरात मीच पाहिलेले, त्यामुळे ब्रीफिंग माझ्याकडे आलं.

दोन स्पेअर टायर. माणशी रोज पाच लिटर पाणी. टाकी अर्धी झाली की दिसेल त्या पंपावर भरायची. अंधाराआधी मुक्काम.

"बाबा, चिल. ऑफलाइन मॅप्स आहेत."

"मॅपवर पूल दिसतो. त्याचे ओंडके कुजलेत का, ते दिसत नाही."

मग तिला नाईक सावंतबद्दल सांगितलं. आमच्या ट्रकचा ड्रायव्हर. सिंधुदुर्गचा, मोजकं बोलणारा, महाहट्टी.

एका पोस्टला रेशन पोचवायला आम्ही ०६१० ला निघालो. ०९४० ला लाकडी पूल आला. नियम असा, की सगळ्यांनी उतरून चालत जायचं आणि ड्रायव्हरने एकट्याने गाडी न्यायची. आमच्या ताफ्यातली पुढची जीप पलीकडे पोचली होती. आभाळ भरून आलं होतं आणि मला घाई झाली होती.

"बसून राहा. जीप गेली, आपणही जाऊ."

सावंतने इंजिन बंद केलं. "साहेब, आधी सगळे खाली."

"सावंत, ही ऑर्डर आहे."

"नियमही ऑर्डरच आहे, साहेब. उतरा."

मी जाम चिडलो, पण तो बरोबर होता. आम्ही अकरा जण चालत पलीकडे गेलो. मग त्याने ट्रक आणला. मध्यावर ओंडका मोडला आणि ट्रक कुशीवर नदीत गेला.

वायरलेसवर मी म्हणालो, "गाडी नदीत. ड्रायव्हर आत. ओव्हर."

आम्ही उड्या मारल्या. त्याला बाहेर काढायला पंचवीस मिनिटं लागली, तोवर तो गेला होता. काचा बंद होत्या, पट्टा लावलेला होता.

सायली म्हणाली, "बाबा, गाडी बहुतेक मीच चालवणार आहे."



"आधी चालत जाऊन बघेन," तीच पुढे म्हणाली. "डाउट आला तर यू-टर्न. लांबून जाऊ."

"त्यात कमीपणा नाही. आणि पुलावर गाडी नेलीसच, तर पट्टा काढून, काचा खाली करून."

सीनियरला तोंडावर नाही म्हणायला छाती लागते. अशा माणसाबरोबर नोकरी केली, याचा मला अभिमान आहे. नाईक सावंत तेव्हा एकतीस वर्षांचा होता. त्याने उतरवलेल्या अकरांतला एक मी. सायलीचा जन्म त्यानंतर दोन वर्षांनी झाला.