करडईमॅडमचा चाळिसावा दिवस

आमच्या करडईमॅडम फुलांना दोरे बांधायच्या. इथे आखातात, इंटरनॅशनल सिटीतल्या त्यांच्या बाल्कनीत करडईच्या पाच-सहा कुंड्या होत्या. बोंड उमललं की देठाला दोरा आणि दोऱ्याला तारखेची चिठ्ठी. जेवायला बोलावलं तरी आधी त्या काट्यांत हात घालायला लावायच्या. "घाबरतेस काय? लातूरची आहे ती, बोचणारच!"

हमरियातल्या एका तेल कंपनीच्या लॅबमध्ये त्या माझ्या बॉस. तेलातली भेसळ आम्ही स्टेरॉल या त्यातल्या घटकावरून ओळखायचो. मॅडमचा जीव मात्र बियांत अडकलेला. "कोवळ्या बीत तेल थेंबभर, पण स्टेरॉलचं प्रमाण जास्त. आधी पेशींची आवरणं बांधायची असतात ना! तेल मागाहून भरतं, तसं प्रमाण उतरतं." एरवी उठल्यासुटल्या "यल्ला, यल्ला" करत घाई करणारी ही बाई या विषयावर आली की चहा गार होईपर्यंत बोलायची.

तरुणपणी लग्न ठरलं आणि त्यांचा करडईच्या बियांवरचा प्रबंध अर्धवट राहिला होता. फुलल्यापासून अठ्ठाविसाव्या दिवसापर्यंतचे आकडे होते. चाळिसाव्या दिवसाचा, पिकलेल्या बीचा रकाना कोरा. "तो भरल्याशिवाय मला चैन नाही ग."

त्या निवृत्त झाल्या तेव्हा व्हिसा खलास आणि फुलं नुकती उमललेली. कुंड्या माझ्याकडे देऊन त्या लातूरला गेल्या. "चाळिसाव्या दिवशी तोड, मशीनला लाव, आकडा कळव. एवढंच कर माझ्यासाठी."

मधेच आमच्या बिल्डिंगमध्ये बाल्कनी रिकामी करायची नोटीस लागली. मी घाबरट. बोंडं तेव्हाच तोडली, आणि आलेला आकडा चाळिसाव्या दिवसाचा म्हणून खुशाल पाठवून दिला.

लगेच फोन आला. "मनीषा, प्रमाण फार चढं आहे. ही बी अजून भरत होती. अठ्ठावीस-एक दिवस झाले असतील, हो ना?"

मी हो म्हटलं. त्या हसल्या. "मीही तिथेच थांबले होते. पुढच्या वर्षी कर." त्यांनी मला रागवायला हवं होतं.

पुढच्या हिवाळ्यात मी लॅबच्या मागे करडई लावली. फुलं आली त्याच आठवड्यात लातूरहून निरोप आला, मॅडम गेल्या. खूप रडले. पण या वेळी पुरते चाळीस दिवस थांबले आणि बिया मशीनला लावल्या. आकडा आला, त्या म्हणायच्या तसाच उतरलेला.

मशीनवरच्या नव्या केमिस्टने विचारलं, "मॅडम, रिपोर्ट किसको भेजना है?"