बांधावरची बाई

गोजराबाईंच्या बांधावर गुडघाभर उंचीचा एक दगड होता. शेंदूर इतका साचलेला की खाली काय कोरलंय ते दिसायचं नाही. त्या त्याला आई म्हणत. भाताची पहिली लोंबी आईपुढे ठेवायची, मग घरात आणायची.

त्यांचा मुलगा कमलेश आणि मी पालघरला एका वर्गात शिकलो. तो बोईसरच्या कारखान्यात लागला. मी त्यांच्या गावी, कोळगावला गेले की जेवण गोजराबाईंकडेच. नवरा लवकर गेला, शेती त्यांनी एकटीनं केली. पोरगा कमावता झाल्यावर शेत त्याच्या नावावर करून दिलं. मी आहे तोवर विकू नको, एवढंच सांगितलं. कमलेशनं त्या दगडावर हात ठेवून शब्द दिला.

चैत्रात मी गेले तेव्हा उन्हानं शेंदराचं कवच गळून पडलं होतं. वर चंद्र, सूर्य. खाली एक गाढव आणि त्याच्याखाली एक बाई. इतिहासाच्या तासाला असं चित्र दाखवलं होतं. माझी जीभ वळेना. पण गोजराबाई सोडेनात, म्हणून सांगितलं. हा गधेगाळ. जुने राजे कुणाला जमीन दिली की रोवायचे. दिलेला शब्द जो मोडील, त्याच्या आईची ही गत.

"मोडील पोरगा, आन भोगंल त्याची आय?"

मी हो म्हटलं.

"त्या राजाला आय नसंल गो."

शेजारी उभा कमलेश खूप हसला. गोजराबाई हसल्या नाहीत. त्यांनी शेंदूर कालवला आणि पुन्हा जाड थर दिला. देवी म्हणून नव्हे. "उघडी हाय बिचारी," म्हणाल्या.

मे महिन्यात कमलेशचा फोन आला. पावसाळ्याची सुकी मासळी भरायची आहे, आईला सातपाटीला नेशील का, मला सुट्टी नाही. मी नेलं. गोजराबाईंनी बोंबील वास घेऊन घेऊन निवडले. कोळीण म्हणाली, आजी, सून शोधताय का बोंबील? दोघी खूप हसल्या.

दुपारी परतलो तेव्हा बांध नव्हता. जेसीबी माती सपाट करत होता. जमीन घेणाऱ्या माणसाशेजारी कमलेश उभा होता. त्याला सुट्टी होती.

दगड रस्त्याकडेला उताणा पडला होता. शेंदूर खरवडून निघाला होता. दोन मजूर चित्राकडे बोट दाखवून हिंदीत काही बोलत होते आणि हसत होते.

"आये, देवळात नेऊन ठेवतो ना. चांगला चौथरा बांधतो," कमलेश म्हणाला.

"ती देव नाय. तुला ठाव हाय."

तो माझ्याकडे वळला. तू समजाव ना हिला, म्हणाला. फोनवरचाच गोड आवाज.

गोजराबाईंनी बोंबलांची पिशवी खाली ठेवली. दगडाला टेकून बसल्या आणि खांद्यावरचा पदर त्या बाईवर पसरला. आता त्यांना उठता येत नव्हतं. उठल्या असत्या तर ती उघडी पडली असती.

कमलेश हाका मारत राहिला. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. मजूर हसायचे थांबले. थोड्या वेळानं ड्रायव्हरनं जेसीबी बंद केला.