इंजिन मोकळं होईपर्यंत

बहिणीची नवी मोटारसायकल पांढुर्ण्यातल्या शोरूममधून घरी आली, तेव्हा ती कोणाची हा प्रश्न कागदावर सुटलेला होता. नोंदणी तिच्या नावानं होती. रामाकोन्याकडच्या गावांमध्ये लसीकरणाचं काम तिला मिळालं होतं, आणि त्या रस्त्यांवर बसच्या भरवशावर राहणारा माणूस वेळेवर पोचत नाही.

घरातला हिशोब वेगळा होता. आमच्याकडे नवी गाडी पहिला महिना घरातला मोठा पुरुष चालवतो. इंजिन मोकळं व्हायचं असतं, आणि ज्याच्या हातानं ते मोकळं होतं त्याच्याच हाताची त्याला सवय लागते, असं सगळे मानतात. महिना संपेपर्यंत गाडी त्या माणसाची होऊन जाते. कागदावरचं नाव विम्यापुरतं उरतं. बाबांनी हे गृहीत धरलं होतं. बहिणीनं धरलं नव्हतं.

शोरूमवाल्यांनी हँडलला बांधलेलं लिंबू-मिरची बाबांनी काढून टाकलं, निळी रिबन बांधली आणि गाडी आधी बुद्धविहारासमोर नेली. वंदना झाली, पेढे वाटले. तिथून घरापर्यंत गाडी बाबांनीच आणली. बहीण मागून चालत आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणातून एकसारखा आवाज येत होता. गाडी मेन स्टँडवर उभी होती आणि बाबा तिला हळूहळू रेस देत होते. बहीण ओल्या केसांना टॉवेल गुंडाळून बाहेर आली.

"काय करून राहिले बाबा?"

"गरम करून राहिलो. रोज सकाळी अर्धा घंटा चालू ठेवा लागते. तवा मोकळं होते इंजिन."

तिनं हात लांब करून चाबी फिरवली. अंगण शांत झालं.

"उभ्या उभ्या काय मोकळं होते? चालवा लागते तिले. कधी धीरे, कधी थोडी जोरात. एकाच स्पीडनं नाही."

"मले शिकवून राहिली? म्या माही गाडी पूर्ण महिना चाळीसवर चालवली. टॉप गिअर, चाळीस. काटा हालू नाही देल्ला."

"म्हणूनच ते आजपर्यंत तेल पेऊन राहिली."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं, कारण ती जुनी गाडी आता मी चालवत होतो. ती निळसर धूर सोडते, हे गल्लीतल्या प्रत्येकाला माहीत होतं. बाबांचं म्हणणं, आजकाल पेट्रोलच खराब येतं.

बहिणीचं बरोबर होतं. नव्या इंजिनात पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडरची भिंत एकमेकींना अजून बसलेल्या नसतात. त्या घासूनच बसतात, आणि त्यासाठी इंजिनावरचा जोर कमीजास्त व्हावा लागतो. वेग मर्यादेत, वजन नाही, पण चाल बदलती. एकाच गतीनं नेलं की काम अर्धवट राहतं आणि तेल फटीतून वर येऊन जळतं. हे मी त्या सकाळी बाबांना सांगितलं नाही. चाबी बहिणीच्या मुठीत होती आणि तेवढं पुरेसं होतं.

रविवारी गाडी दाखवायला सौंसरला मावशीकडे जायचं ठरलं. बाबा पायात बूट घालून तयार. बहीण त्यांच्या आधीच हेल्मेट घालून सीटवर बसली होती.

"बरं, मागं बसतो मंग."

"मागं कोणीच नाही बसत, बाबा. अजून लोड नाही चालत."

"बापाचा लोड होते तुले?"

"मले नाही. गाडीले होते."

बाबा माझ्या मागे जुन्या गाडीवर बसले. अशी ती वरात निघाली. पुढे ती एकटी, मागे आम्ही दोघं आणि धूर.

गाव सुटल्याबरोबर बाबांचं माझ्या कानात सुरू झालं. "गिअर बदल म्हणाव तिले. बदलला. हां. पन्नास झाले असतीन, पाह्य, पन्नास!" पण रस्ताच तिच्या बाजूनं होता. कापसानं फुगलेले ट्रॅक्टर पुढे येत, ती गिअर उतरवी. रस्ता मोकळा झाला की ओढ देई आणि लगेच सोडी. मग गतिरोधक, मग बकऱ्या, मग पुन्हा मोकळा रस्ता. पाठोपाठ येताना मला तिच्या इंजिनाचा आवाज स्पष्ट ऐकू येत होता. सुरुवातीला तो आवळलेला होता, दाताखाली काही धरल्यासारखा. मोहगाव मागे पडलं आणि एका चढावर तो बदलला. खरखर गेली, खालून एक भरीव गुरगुर आली. बाबांची बडबड थांबली होती.

"ऐकलं का?" त्यांनी माझा खांदा दाबला. "ऐकलं का तू?"

पुढे बहिणीनं मागे न पाहता डावा हात वर केला. तिनंही ऐकलं होतं.

सौंसरला मावसा फाटकातच उभे होते. संत्र्याचा बगीचा, तोड सुरू, अंगणात क्रेट रचलेले.

"वा! दे बेटा चाबी. बोरगावपर्यंत चक्कर मारून येतो. दोन क्रेट टाकतो मागं, तेवढंच काम होऊन जाईन."

त्यांनी हात पुढे केला. बहिणीनं चाबी मुठीत धरली. बापाशी भांडता येतं. मावशीच्या अंगणात मावसांना नाही म्हणता येत नाही.

"देऊन दे न बाई," मावशी दारातून म्हणाली. "मावसाच आहेत तुये."

बहिणीची मूठ सैल झालेली मी पाहिली. बाबा अजून जुन्या गाडीवरून उतरलेही नव्हते.

"चाबी नका मागू, साडूभाऊ," ते तिथूनच म्हणाले. "तिचा हात बसून राहिला गाडीवर. मलेच नाही देऊन राहिली, तुमाले कुठची देते? पाह्यजे तर हे माही घेऊन जा."

"तुमची?" मावसा म्हणाले. "तिच्या धुरानं संत्री काळी होतीन ना!"

अंगणभर हशा झाला. बाबा थोडे उशिरा हसले, पण हसले. बहिणीनं चाबी खिशात टाकली.

पहिल्या सर्व्हिसिंगला जुनं तेल काढलं तेव्हा त्यात धातूच्या चुऱ्याची बारीक चमक होती. बाबा घाबरून वाकले. बहिणीनं ते बोटांवर चोळून पाहिलं आणि पहिल्या तेलात हे येतंच, असं त्यांना समजावलं. मेकॅनिकनं होकारार्थी मान हलवली; आता हवी तशी पळवा, म्हणाला.

कामाच्या पहिल्या दिवशी बाबा रस्ता दाखवायला म्हणून जुन्या गाडीवर माझ्या मागे बसून निघाले. रस्ता तिला माहीत होता. सौंसर ओलांडून रामाकोन्याचा रस्ता लागला. पुढे कोणी नव्हतं. तिनं एकदा आरशात आमच्याकडे पाहिलं आणि त्या गाडीला पहिल्यांदा पूर्ण रेस दिली.

गाडी सुटली. आवाज आधी गेला की ती, ते कळलं नाही.

"पकड तिले!" बाबा ओरडले. "अबे दाब, पकड!"

मी मूठ शेवटपर्यंत पिळली. "हे नाही पकडत, बाबा."

"मंग हॉर्न वाजव!"

"कायले?"

"पुढच्याईनं बाजूले व्हाले पाह्यजे. पोरगी येऊन राहिली माही!"

मी हॉर्न दाबून धरला. ती तोवर वळणापलीकडे गेली होती.