कवळीकाकांच्या अकरा पेट्या

आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर, जिन्याखालच्या खोलीत कवळीकाका काम करायचे. दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाचं माप, म्हणजे जबड्याचा ठसा, पाठवत आणि काका त्यावरून कवळी घडवत. मापात प्लास्टर ओतून आधी जबड्याचा पांढरा साचा करायचा, त्यावर मेण, मेणात दात. कवळी झाली की बाकीचे कारागीर साचा फेकून देतात. काकांनी एकतीस वर्षांत एकही फेकला नव्हता. प्रत्येकावर पेन्सिलीने नाव, तारीख आणि खाली बारीक अक्षरात काहीतरी: ‘डावीकडे टोचतं’, ‘स म्हणताना शिट्टी’, ‘रागीट, पण गोड खातो’. कुणाची कवळी फुटली की काका जुना साचा शोधून दोन दिवसांत दुसरी करून देत. अंथरुणाला खिळलेल्यांना पुन्हा माप द्यायची यातायात वाचे.

असे साचे अकरा लाकडी पेट्यांत भरलेले. “निम्म्या शहराचं तोंड माझ्या ताब्यात आहे,” काका म्हणायचे. त्यावर काकू म्हणायच्या, “माझं एक सोडून.”

खोलीतला पाइप फुटला आणि प्लंबरने फरशी उखडायला काढली. पेट्या भिजू नयेत म्हणून काकांनी त्या बाहेर बोळात रचल्या. तासाभराचा तर प्रश्न होता. शेजारीच फुटक्या फरशीची पोती होती. ती उचलायला कचराखात्याची गाडी दुसऱ्या दिवशी यायची होती. ती त्याच दुपारी आली. प्लंबर चहाला गेला होता, काका डॉक्टरांकडे कवळी बसवून बघायला. ते परतले तेव्हा बोळ झाडून लख्ख केलेला होता.

“पेट्या आत ठेवल्यास का रे?” काकांनी प्लंबरला विचारलं. त्याने नकारार्थी मान हलवली. काका जिन्याच्या पायरीवर बसले ते दिवेलागणीपर्यंत उठले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्याबरोबर कचराडेपोवर गेलो. गाडीचा ड्रायव्हर भेटला. तिशीचा, काटकुळा माणूस. त्याने काही लपवलं नाही.

“काका, मी एक पेटी उघडली होती. आत नुसते जबडे. मुकादमाला म्हटलं, हे कुणाचं तरी सामान दिसतंय. तो म्हणाला, प्लास्टर आहे ना? मग राडारोडाच. भर.”

“आता कुठे आहेत?”

त्याने हात केला तिकडे खडी फोडायचं यंत्र धडधडत होतं. खाली पांढरट भुकटीचा ढीग. काकांनी चिमूटभर भुकटी उचलली, बोटांत चोळली आणि हात झटकला.

भरपाईचा अर्ज मी लिहून दिला, माझं अक्षर चांगलं म्हणून. कार्यालयातल्या बाई वाईट नव्हत्या. त्यांच्यापुढे फक्त तक्ता होता.

“वस्तू कोणती?”

“साचे.”

“कशाचे?”

“तोंडांचे.”

बाईंनी चष्मा काढून काकांकडे पाहिलं. “बाजारभाव काय त्यांचा?”

“ज्याचं तोंड त्यालाच उपयोगी, बाई. त्याला बाजार कुठला?”

“मग मी रकान्यात काय भरू?”

शेवटी त्यांनी भरलं: प्लास्टर, वापरलेले, अंदाजे वजन अमुक.

मधल्या काळात एक गृहस्थ आले. त्यांच्या आईला अर्धांगवायू झाला होता, आणि कवळी पडून तिचे दोन तुकडे झाले होते. आईला तोंड पुरतं उघडता येत नव्हतं, म्हणजे नव्याने माप घेणं अशक्य. साचा नाही म्हटल्यावर ते गृहस्थ उंबऱ्यातच थांबले. “आम्ही तुमच्या भरवशावर होतो हो,” एवढंच म्हणाले आणि तुकडे रुमालात बांधून घेऊन गेले. पुढच्या महिन्यात दोन डॉक्टरांनी काम दुसरीकडे द्यायला सुरुवात केली.

चौकशी झाली. मुकादम म्हणाला, ड्रायव्हरने परस्पर भरलं. चौकशी करणाऱ्या साहेबांनी ड्रायव्हरला विचारलं. तो जमिनीकडे बघत म्हणाला, “हो. माझीच चूक.”

काका ताडकन उठले. “खोटं बोलतोय हा! मला स्वतः सांगितलंय याने!”

“लेखी आहे का?” साहेबांनी विचारलं.

निकाल काकांच्या बाजूने लागला. भरपाई मंजूर, मात्र वसुली ड्रायव्हरच्या पगारातून, दहा महिने.

भरपाईच्या कागदावर सहीसाठी काकांना आत बोलावण्याआधी ड्रायव्हर व्हरांड्यात आला. “काका, अर्ज मागे घेता का? घरी दोन लहान मुलं आहेत.”

“मुकादमाचं नाव घे. आत्ता मागे घेतो.”

“नाव घेतलं तर उद्या मला गाडीवर कोण बसू देईल?”

“मग माझं कोण भरून देणार?”

काका माझ्याकडे वळले. मी काहीतरी बोलावं असं त्यांना वाटत असावं. मी खिशातलं पेन काढून दिलं. काकांनी आत जाऊन सही केली.

घरी काकू म्हणाल्या, “कुणाच्या ताटातलं काढून आणलंत हे?”

“माझं नेलं तेव्हा कुणी विचारलं होतं?” काका खेकसले. आमच्या देखत त्यांचा आवाज एवढा चढलेला मी प्रथमच ऐकला.

त्या पैशांत प्लास्टरच्या गोण्या आल्या आणि थोडं सामान. काका आता साचे ठेवत नाहीत. कवळी रवाना झाली की साच्यावर हातोडीचा एक घाव घालतात. पेन्सिलीने नावही लिहीत नाहीत, नुसता नंबर घालतात.

आणि कचराखात्याने नवीन नियम काढला. राडारोडा उचलण्याआधी मालकाची सही घ्यायची. काकांच्या खोलीतून आठवड्याला एक पोतं निघतं. दर सोमवारी ड्रायव्हर वही घेऊन दारात उभा राहतो.

“हे टाकायचंच आहे ना?” तो विचारतो. आवाजात टोमणा नसतो. विचारायचं असा हुकूमच आहे त्याला.

“हो,” काका म्हणतात.

“तसं लिहा.”

काका लिहितात: ‘कचरा आहे.’ खाली सही करतात. मग तो पोतं खांद्यावर घेतो आणि दोघंही एकमेकांकडे न बघता आपापल्या कामाला लागतात.