आपा आणि शेवटची तारीख

आपांच्या वेबसाइटवर प्रत्येक पानाच्या तळाशी त्यांचा स्वतःचा मोबाइल नंबर असे, आणि तो फोन त्या स्वतःच उचलत. वेबसाइट कोण चालवतं, कुठून चालवतं, हे वाचणाऱ्याला सहसा कळत नाही. इथं मात्र परभणीहून कुणी फोन लावला की पलीकडून लगेच, "हां, आपा बोलते, सांगा," असं ऐकू येई. जेवता जेवता डाव्या हातानं फोन कानाला धरून त्या उत्पन्नाच्या दाखल्याला लागणारे कागद सांगत बसत. हे सगळं साइटवर लिहिलेलंच आहे, असं मी एकदा म्हटलं. त्या म्हणाल्या, "लिहिलेलं वाचून बी ज्याला भरोसा नाय वाटला, त्याचाच फोन येतो. त्यालाच तर सांगायचं."

औरंगपुऱ्यात एका अरुंद जिन्यानं वर गेलं की त्यांची खोली होती. तिथं त्यांनी वीस वर्षं लोकांचे अर्ज टाइप करून दिले. आधी मशीनवर, मग कॉम्प्युटरवर. पुढं अर्जच ऑनलाइन झाले आणि लोक नुसतं विचारायला येऊ लागले, कोणता फॉर्म, कुठं भरायचा, शेवटची तारीख कधी. तीच ती उत्तरं दिवसभर देऊन घसा बसायला लागला, तेव्हा चाळिशी उलटलेल्या आपांनी व्हिडिओ बघून वेबसाइट बनवायला शिकून घेतलं. त्यांची शिकायची वही मी पाहिली आहे. एका बाजूनं उर्दूत, दुसऱ्या बाजूनं मराठीत लिहीत नेलेली, आणि मधल्या पानांवर दोन्ही भाषा एकमेकींत घुसलेल्या. जे समजलं नाही त्याखाली लाल रेघ. मी तिथं कामाला लागले तेव्हाही त्या वहीत लाल रेघा पडतच होत्या.

मी मूळची अजिंठ्याकडची. बी.ए. करून शहरात नोकरी शोधत होते. मराठी नीट लिहिता येतं, एवढ्यावर आपांनी मला ठेवून घेतलं. पहिल्याच दिवशी शिष्यवृत्तीवर एक पान लिहायला सांगितलं आणि ते घेऊन मला खाली पाठवलं. जिन्याखाली रफू करणारे एक चाचा बसत, चौथीपर्यंत शिकलेले. त्यांना पान वाचून दाखवायचं, आणि ते जिथं "म्हणजे?" असं विचारतील ते वाक्य काढून टाकायचं, असा नियम होता. माझ्या पानातली निम्मी वाक्यं त्या दिवशी गेली. मला अपमान वाटला. आपा म्हणाल्या, "कॉलेजात मार्क मिळतात असं लिहून. इथं माणूस चुकीच्या रांगेत उभा राहतो."

दुसरा नियम तारखेचा. शेवटची तारीख दुसऱ्या साइटवरून कधीही उचलायची नाही. मूळ सूचना डोळ्यांनी बघायची, आणि तरीही त्या कार्यालयात फोन करून विचारायची. फोन लागत नसेल तर पान थांबवायचं. शहराचं नाव बदललं तेव्हा फॉर्मवर जिल्ह्याच्या रकान्यात काय लिहावं, याचे शेकड्यानं फोन आले. बाकीच्या साइटवर त्याच दिवशी लंबेचौडे लेख चढले. आपा मात्र तीन दिवस एकेका कार्यालयात जाऊन विचारत होत्या. मग त्यांनी दोन ओळी टाकल्या, की फॉर्मवर छापलेल्या यादीत जे नाव असेल तेच निवडा, आणि जुने दाखले फेकू नका. त्या दोन ओळी त्या वर्षी सगळ्यात जास्त वाचल्या गेल्या.

त्यातूनच साइट वाढली. आपांना ती आणखी वाढवायची होती. नर्सिंग, आयटीआय, पोलीस भरती, सगळ्यांची पानं हवी होती, आणि आम्ही दोघी ते लिहून पुऱ्या पडणार नव्हतो. काम बाहेर देऊन धंदा कसा वाढवायचा, याचाही त्यांनी एक ऑनलाइन वर्ग केला आणि दुसऱ्या शहरातल्या एका कंपनीला लिहायचं काम दिलं. पानं भराभर येऊ लागली. दिसायला गुळगुळीत, सगळी एका साच्याची. चाचांना वाचून दाखवायला आता वेळ उरला नाही. तारखा तपासायचं काम तेवढं आपांनी बाहेर दिलं नाही, ते माझ्याकडे सोपवलं.

एका दुपारी माझ्यापुढं बरीच पानं साचली होती. नर्सिंगच्या प्रवेशाच्या पानासाठी मी दोनदा फोन लावला, दोन्ही वेळा लागला नाही. तारीख बरोबरच वाटत होती. मी तपासल्याची खूण केली आणि पुढच्या पानाकडे वळले.

ती मागच्या वर्षीची तारीख होती, फक्त साल यंदाचं घातलेलं. खरी तारीख तिच्या दहा दिवस आधी होऊन गेली होती.

देवगाव रंगारीहून एका शेतकऱ्याचा फोन आला. त्यांच्या मुलीचा फॉर्म राहिला होता. आपा बराच वेळ नुसतं "हां, हां" म्हणत ऐकत राहिल्या आणि वहीत गावाचं नाव लिहून घेतलं. फोन ठेवून त्यांनी मला विचारलं, ती तारीख फोन करून विचारली होती का. मी हो म्हणाले. दोन दिवस आपा त्या खात्यात आणि कॉलेजांत खेटे घालत होत्या. काही होण्यासारखं नव्हतं. तिसऱ्या दिवशी सकाळी म्हणाल्या, "चल, देवगावला जाऊ."

एसटीनं गेलो. घर गावाच्या कडेला होतं, पलीकडे अद्रकीचं रान. मुलीच्या वडिलांनी अंगणात खुर्च्या टाकल्या, आईनं चहा आणला. साइटवाल्या मॅडम स्वतः आल्यात म्हणजे काहीतरी मार्ग निघाला असणार, अशी त्यांची समजूत झाली होती. वडील कागदांची पिशवीच घेऊन बसले. दाखले, गुणपत्रिका, फोटो, सगळं आपांच्या हातात देऊन म्हणाले, "बघा मॅडम, एक बी कागद कमी नाय."

आपांनी सगळे कागद एकेक करून पाहिले. मग पिशवीत परत ठेवले आणि सांगितलं, की आता फॉर्म घेणार नाहीत, विचारून आले आहे.

मुलगी, अश्विनी, दाराशी उभी होती. ती म्हणाली, "कॉलेजच्या मॅडमनी मला खरी तारीख सांगितली होती. मीच त्यांना तुमची साइट दाखवली. म्हटलं, मॅडम, तुमचंच चुकत असंल, ह्या आपा फोन करून विचारतात."

"तुझ्या मॅडम बरोबर होत्या," आपा म्हणाल्या. "चूक माझी आहे."

त्यांनी कंपनीचं नाव घेतलं नाही, माझंही नाही. मी मान खाली घालून चहा पीत होते. वडिलांनी पिशवी उचलली आणि ते आत गेले, ते आम्ही निघेपर्यंत बाहेर आले नाहीत.

परतीच्या गाडीत मला राहवलं नाही. फोन लागला नव्हता, मी खोटं बोलले, असं सांगून टाकलं. आपा खिडकीबाहेर बघत होत्या.

"मला माहीत हाय," त्या म्हणाल्या. "ऑफिसच्या फोनमध्ये दिसतं ना, कुठला लागला, कुठला नाय. तू सांगशील म्हणून थांबले होते."

मग म्हणाल्या, "कंपनीचं काम बंद करता येईल. तुझं काय करू, ते सांग."

गाडी स्टँडवर आली आणि आम्ही उतरलो.

त्यांनी मला काढलं नाही. कंपनीचं काम बंद केलं आणि तिची सगळी पानं उतरवली. साइट एका दिवसात निम्म्याहून कमी झाली. पुढं कित्येक महिने मी तारीख विचारून खूण केली की आपा उठून पुन्हा तोच फोन लावत, माझ्यासमोर. ते मला रागावण्यापेक्षा जड जाई. मग त्यांनी ते कधीतरी थांबवलं. कोणत्या दिवशी, हे मला सांगता येणार नाही. एकदा सहज लक्षात आलं, की आज त्या उठल्या नाहीत.

अश्विनीनं कन्नडच्या कॉलेजात बी.ए.ला नाव घातलं. पुढच्या वर्षी नर्सिंगचे फॉर्म निघाले तेव्हा आपांनी पहिला फोन तिला केला. ती म्हणाली, आता नको, घरचे नाही म्हणतात. त्याच्या पुढच्या वर्षीही आपांनी फोन लावला. तो नंबर बंद झाला होता.

मग लोक साइटवर येईनासेच झाले. नेटवर काही शोधलं की उत्तर तिथंच सगळ्यात वर तयार मिळू लागलं, साइटच्या आत यायची कुणाला गरज उरली नाही. ते उत्तर कधी आमच्याच वाक्यांत असे. आपांनी खचून न जाता नवं काम काढलं. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी सूचना स्वतःच्या आवाजात बोलून फोनवर पाठवायच्या. आवाज रेकॉर्ड करणं, खाकरणं कापून टाकणं, सगळं नव्यानं शिकल्या. मराठीत एक, उर्दूत एक. बायाबापड्यांना ते आवडलं, पण साइटवर असत तशा जाहिराती त्यात नसल्यानं त्यावर खोलीचं भाडंही निघेना. तोवर साखरेच्या आजारानं त्यांची नजर कमी झाली होती. पडद्यावरची अक्षरं मोठी करत करत एका वेळी तीनच शब्द दिसू लागले.

"आता तू दुसरं बघ," त्यांनीच मला सांगितलं. शहरातल्याच एका जाहिरात कंपनीत मी अर्ज केला. नोकरी मिळाली. पहिल्या दिवशी तिथले साहेब म्हणाले, की तुमच्या जुन्या मॅडमना आम्ही फोन केला होता. तुम्ही एकदा खोटं बोलला होता आणि त्यानंतर कधी नाही, असं त्यांनी सांगितलं, म्हणून घेतलं. मी संध्याकाळी आपांना विचारलं, असं कामून सांगितलं. त्या म्हणाल्या, "त्यांनी विचारलं. मग काय, मी बी खोटं बोलू?"

साइट विकत घ्यायला एकजण आला होता. त्याला जुनं नाव आणि पानं हवी होती. आपांनी त्याला तारखा कोण तपासणार, एवढंच विचारलं. तो म्हणाला, ते सगळं आपोआप होतं. आपांनी त्याला चहा पाजून वाटेला लावलं.

साइट एकदम बंद करू, असं मी म्हटलं. त्या नको म्हणाल्या. कागदांच्या याद्या अजून कुणाच्या कामाला येतील, पण तारखेच्या भरवशावर कुणी राहू नये. म्हणून चार रविवार मी त्या खोलीत जात राहिले. एकेक पान उघडायचं, त्यावर त्यांनी सांगितलेल्या ओळी टाकायच्या, आणि त्यांना मोठ्यानं वाचून दाखवायच्या. सगळ्या पानांवर एकदम टाकता येतं, हे त्यांनाही माहीत होतं. पण एखादं पान राहून गेलं तर, असं त्या म्हणत. त्यानंतरच्या महिन्यात त्या लेकीकडे नांदेडला गेल्या. ती साइट अजून उघडते. कोणतंही पान काढा, सगळ्यात वर लिहिलेलं असतं, "या पानावरची तारीख आता कुणी तपासत नाही. कृपया स्वतः कार्यालयात जाऊन विचारा. माफी असावी."